तटावरचा ऑगस्ट

सौदीतल्या खोबरमध्ये ऑगस्ट लागला की आमच्या इमारतीत दारांपुढच्या चपला कमी होतात. शाळा बंद असतात, बायकामुलं कधीच गावाला गेलेली असतात, आणि मागे राहिलेले पुरुष रजा मंजूर झाली की त्यांच्या मागोमाग जातात. जाताना घरांच्या चाव्या आणि तुळशी माझ्याकडे येतात. यंदाही गॅलरीत कुंड्यांची रांग लागली आहे. सकाळी पाणी घालायला दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि पदराने काच पुसेपर्यंत मी तशीच आंधळी उभी राहते. समुद्र इथून जवळ आहे. पण या महिन्यात तो दिसत नाही, नुसता अंगाला चिकटतो.

हुफूफकडचा ताजा खजूर याच दिवसांत बाजारात येतो. अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी, बोटांनी दाबला तर साल सुटणारा. त्यातल्या उत्तम जातीचं नाव खलास. इथे काम संपलं, बोलणं संपलं, माणसाची गरज संपली की ‘खलास’ म्हणतात, तोच शब्द. आम्ही नवे होतो तेव्हा या योगायोगाचं हसू यायचं. आता दुकानदार खोका पुढे करून ‘खलास’ म्हणाला की मी नुसती मान हलवते. एका परक्या गावात पुष्कळ वर्षं काढली की नवल वाटण्याची शक्तीही हळूहळू झिजत जाते. चपलेच्या टाचेसारखी. झिजताना कळत नाही, एक दिवस पाय वाकडा पडायला लागतो.

या उकाड्यात मला दरवर्षी एक दुसराच ऑगस्ट आठवतो. तीन वर्षांपूर्वीचा, जर्मनीतला. हवेत गारवा होता, तरी त्या महिन्याइतकी दमणूक मी खोबरच्या उन्हातही कधी सोसलेली नाही.

माझा नवरा विनायक इथे बांधकामावर साइट इंजिनिअर आहे. आमची एकुलती एक मुलगी सई खोबरमध्येच वाढली, इथल्या भारतीय शाळेत शिकली आणि बारावीनंतर सिव्हिल इंजिनिअरिंगसाठी जर्मनीतल्या वुर्झबुर्गला गेली. ते शहर विनायकनेच नकाशावर शोधलं होतं. सिव्हिलच करायचं, हेही त्यानेच ठरवलं. सई हो म्हणाली. लहानपणापासून ती हो म्हणणारीच मुलगी. मग उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, ती घरी आली नाही. कधी प्रोजेक्ट, कधी परीक्षा. फोनवर इंग्रजीत भराभर बोलायची आणि ‘आई, नंतर करते’ म्हणून ठेवून द्यायची. शेवटी आम्हीच जायचं ठरवलं. विनायकला रजा मिळाली, व्हिसा मिळाला, आणि मी बॅगेत कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट असं भरत बसले. त्या भरण्यातही उत्साह असा नव्हता. सईची शाळा होती तोवर वर्षानुवर्षं जुलै आला की बॅगा, सप्टेंबर आला की पुन्हा बॅगा. माझे हात घड्या घालत होते आणि मन आधीच परत येऊन बॅगा रिकाम्या करत होतं.

वुर्झबुर्गच्या स्टेशनवर सई आली तेव्हा मी तिला मागून ओळखलंच नाही. खांदे रुंद झाले होते. तिने आमच्या दोन्ही बॅगा दोन हातांत सहज उचलल्या. मी तिचा हात धरायला गेले तर तो खरखरीत लागला. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, एका अंगठ्याला चिकटपट्टी होती. मी विचारलं तर म्हणाली, थंडीने फुटलेत, अजून बरे होत नाहीत. ऑगस्टमध्ये कसली थंडी, हे माझ्या मनात आलं, पण प्रवासाने डोकं इतकं जड झालं होतं की तो प्रश्न मी तिथेच सोडून दिला.

तिने आमची सोय एका खोलीत केली होती. तिथे तिच्या वस्तू फारशा दिसत नव्हत्या. संध्याकाळी मी भात टाकला, आमसूल घालून तिखटशी आमटी केली. सई चमच्याने जेवली. मी हसून म्हटलं, पुरती जर्मन झालीस की. विनायकने तिच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे. त्या रात्री तो नेहमीपेक्षा कमी जेवला. मला वाटलं, दमलाय.

सकाळी सई म्हणाली, आज एक गाव दाखवते. प्रवासी लोक ज्याला रोमँटिक रोड म्हणतात त्या रस्त्यावरचं, रोथेनबुर्ग. चारी बाजूंनी जुना तट असलेलं. बसमधून द्राक्षांचे मळे दिसत होते, सूर्यफुलांची शेतं, लाल कौलांची खेडी. विनायक खिडकीशी बसून रस्ता बघत होता. एकही खड्डा नाही, कडेला पाणी वाहून जायची सोय बघ, असं मला दाखवत होता. अशा देशात आपली मुलगी इंजिनिअर होणार, हे तो तोंडाने म्हणाला नाही, पण त्याच्या बसण्यात ते होतं. सई पुढच्या सीटवर मान टाकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, लहानपणी शाळेच्या बसमधून उतरताना असायची तशी.

गाव खरंच सुंदर होतं. दगडी वेशीतून आत गेलं की खडबडीत फरशीचे उतरते रस्ते, लाकडी चौकटींची उंच घरं, खिडक्याखिडक्यांतून लाल फुलं. दुकानांच्या काचेआड पिठाच्या पट्ट्यांचे तळलेले, साखर माखलेले गोळे मांडले होते. चिरोट्याच्या पट्ट्या चुरगाळून तळल्या तर होतील तसे. सगळीकडे प्रवासी, सगळे फोटो काढणारे. असं सुंदर काही पाहिलं की आनंद व्हायला हवा, हे मला कळत होतं. पण माझे गुडघे दुखत होते आणि त्या फरशीवर प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागत होतं. सौंदर्यालाही अंगात थोडं बळ लागतं. ते मी कुठे खर्चून बसले होते कोण जाणे.

तटावर चढायला दगडी जिना आहे. वर लाकडी छपराखालून चालत जाता येतं. एका बाजूला बाण मारायच्या फटी असलेली भिंत, दुसरीकडे गावाची कौलं. सई आमच्या पुढे होती आणि तिचा वेग हळूहळू कमी होत होता. तिने सांगितलं की या तटाचा मोठा तुकडा युद्धात बॉम्ब पडून कोसळला होता. मग जगभरच्या लोकांनी हातभार लावला आणि तो पुन्हा उभा केला. मदत करणाऱ्यांची नावं दगडांवर कोरलेली आहेत, ती तिने दाखवली. काही नावं जपानी होती. म्हणजे आम्ही शेकडो वर्षांचं म्हणून जे बघत होतो, त्यातलं बरंचसं कुणीतरी आमच्या आईबापांच्या काळात बसवलेलं होतं. जुनं आपोआप जुनं राहत नाही. कुणीतरी रोज सकाळी उठून कामावर येतं, म्हणून ते राहतं.

पुढे एका ठिकाणी परांची बांधलेली होती. खाली दगडाचा भुगा, पाण्याच्या बादल्या, ताडपत्री. पांढऱ्या मिशांचा एक माणूस छिन्नीने दगड घडवत होता. त्याच्या भुवयांवरही धूळ बसलेली. त्याने मान वर केली आणि सईला नावाने हाक मारली. मग हातोडा बाजूला ठेवून, हात पँटला पुसून वर आला आणि विनायकशी हस्तांदोलन केलं. सावकाश, एकेक शब्द जुळवत इंग्रजीत म्हणाला की तुमच्या मुलीचा हात अजून मंद आहे, पण तिने बसवलेला दगड पुन्हा काढावा लागत नाही.

विनायकने त्याला थँक्यू म्हटलं. सौजन्य त्याच्या अंगवळणी आहे, ते त्याही वेळी सुटलं नाही. तो माणूस खाली गेला. मग सई बोलली. एरवी आमच्याशी अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलणारी मुलगी, त्या वेळी शब्द शोधून शोधून मराठीत बोलली.

“बाबा, मी इथे काम करते. दगडाचं काम शिकते. कॉलेज सोडलं.”

“कधी?”

“गेल्या वर्षी.”

विनायकने एकदा परांचीकडे पाहिलं आणि छपराखालून पुढे चालू लागला. हात पाठीमागे बांधलेले, साइटवर फेरी मारताना असतात तसे. मी हाक मारली नाही. सईनेही नाही.

आम्ही दोघी तिथेच लाकडी कठड्याला टेकून खाली बसलो. मला राग यायला हवा होता. एवढं मोठं खोटं, वर्षभराचं, दर आठवड्याच्या फोनमधून पाजलेलं. पण आधी आली ती नुसती थकल्याची भावना, जिना चढून वर आल्यावर आणखी एक जिना दिसावा तशी. मी तिला विचारलं, का केलंस. ती बराच वेळ अंगठ्याची चिकटपट्टी सोलत बसली. मग म्हणाली की वर्गात बसलं की तिला श्वास घ्यायला त्रास व्हायचा. सुट्टीत एकदा मैत्रिणींबरोबर हे गाव बघायला आली आणि याच जागी ती माणसं काम करत होती. ती दिवसभर बघत उभी राहिली. मैत्रिणी कंटाळून निघून गेल्या.

पुढे तिने जे सांगितलं ते मात्र मी विसरलेले नाही. “आई, लहानपणी बाबा गाडीतून दाखवायचे ना, ही बिल्डिंग मी बांधली. मग ती पाडली. मग दुसरी दाखवायचे, तीपण पाडली. माझ्या शाळेतले सगळे गेले. आपण राहायचो ती बिल्डिंग गेली. इथे मी एक दगड बसवला तर तो मी मेल्यावरपण तिथे असेल. मला बस एवढंच पाहिजे.”

आम्ही तिला सगळं दिलं होतं. ती जिथे वाढली त्या जागेवरचा हक्क तेवढा देता येण्यासारखा नव्हता. तो आमच्याकडेही नव्हता. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर जगणाऱ्या माणसाच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाची आठवण होते. आम्हाला त्याची सवय झाली होती, आणि मुलीलाही झाली असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

विनायक बराच वेळ आला नाही. आम्ही तटावरून शोधत निघालो, खाली उतरलो, गल्ल्यांतून फिरलो. गावाच्या एका टोकाला बाग आहे, तिथून खाली टाउबर नदीची दरी दिसते. तिथे एका बाकावर तो बसला होता. एक बूट काढून शेजारी ठेवलेला. समोर हिरवी दरी, खाली दुहेरी कमानींचा पूल, आणि तो त्यातलं काहीही बघत नव्हता.

सई त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने तिला बस म्हटलं नाही.

“काल तू चमच्याने जेवलीस,” तो म्हणाला. “चुन्याने बोटं फाटलीयेत ना? तिखट झोंबतं.”

ती हो म्हणाली. हातमोजे असतात, पण बारीक सांधे भरताना काढावे लागतात, असं पुटपुटली.

“माझे वडील चमच्याने जेवायचे. गावात लोक त्यांना साहेब म्हणून चिडवायचे. गवंडी होते ते.”

सईने माझ्याकडे पाहिलं. तिला आजवर आम्ही सांगत आलो होतो की आजोबा सरकारी बांधकाम खात्यात होते. ते तिच्या जन्माआधीच गेले. लग्न झाल्यावर मला खरं कळलं होतं, पण विनायक तो विषय काढू द्यायचा नाही, आणि पुढे मीही काढला नाही. त्या बाकावर मात्र तो बोलत राहिला. गुहागरच्या बाजूला जांभ्या दगडाच्या विहिरी, घरांची जोती, दुसऱ्यांच्या बागांचे दगडी गडगे बांधत त्याच्या वडलांचा जन्म गेला. झोपताना ते बोटांना खोबरेल लावून चिंध्या बांधायचे. शेवटी शेवटी शर्टाची बटणं आई लावून द्यायची. एकदा शाळेत शिक्षकांनी त्याला ‘साहेबांचा मुलगा’ म्हणून उभं केलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून आपण अभ्यासाला बसलो ते उठलो नाही, असं तो म्हणाला.

“आमच्या घरातून ती थापी सुटावी म्हणून मी वाळवंटात आयुष्य काढलं,” तो म्हणाला. “आणि तू परत तीच उचललीस.”

सई रडली नाही. तिने खाली बसून त्याचा बूट उचलला, त्याच्या पायाशी ठेवला आणि म्हणाली की शेवटची बस निघेल.

उरलेले दिवस आम्ही एकत्र राहिलो, एकत्र जेवलो, एक-दोन गावंही बघितली असतील, मला ती आठवत नाहीत. विनायक मला म्हणायचा, तिला विचार चहा हवा का. सई मला म्हणायची, बाबांना सांग उद्या पाऊस आहे. मी इकडचं तिकडे पोचवत होते. विमानतळावर तो सईच्या डोक्यावर हात ठेवून आत गेला. मागे वळून पाहिलं नाही.

खोबरला परतलो तेव्हा दाराच्या मुठीला हात चिकटत होता. तो पहाटे साइटवर जायचा, दुपारी उन्हाची कामबंदी असली तरी तिथेच शेडमध्ये थांबायचा. कुणी सईचं विचारलं तर ‘सिव्हिललाच आहे तिकडे’ म्हणायचा. एका अर्थी ते खोटंही नव्हतं. माझा आणि सईचा फोन चालला की तो उठून स्वयंपाकघरात जाई आणि नळ सोडून भांडी विसळत बसे. पण भांडी संपली तरी नळ तसाच बारीक वाहत ठेवून तो उभा असायचा. मला ते ऐकू यायचं. मी बोलणं थोडं मोठ्याने करायचे.

हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही हुफूफला गेलो. तिथल्या जुन्या मातीच्या किल्ल्याची डागडुजी चालली होती. एक कामगार चिखलात पेंढा तुडवून भिंतीला हाताने लेप देत होता. मला सावली हवी होती, पण विनायक हलेना. त्याने कधी नव्हे तो फोन काढला, भिंतीचा जवळून फोटो घेतला आणि सईला पाठवला. सोबत एक अक्षर नाही. आम्ही घरी पोचायच्या आत तिचं उत्तर आलं, आवाजातलं, लांबलचक. माती कशी मळली असेल, पेंढा का घालतात, तुम्ही हात लावून पाहिला का, ओल होती का. मराठी सगळं चुकीचं, लिंगं उलटीपालटी. त्याने ते गाडीत बसून ऐकलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मग तो तिला भिंतींचेच फोटो पाठवू लागला. बहरीनमध्ये मनाम्याला गेला तर तिथल्या प्रवाळी दगडाच्या जुन्या घराचा. रियाधला अल सुलैच्या गोदामांकडे कामाला गेला तर तिथल्या कंपाउंडच्या तडकलेल्या भिंतीचा. तीही पाठवायची. रोथेनबुर्गच्या दगडात बारीक शिंपले आहेत, समुद्र कुठल्या कुठे आणि शिंपले इथे, असं तिने एकदा लिहिलं. माझ्याशी ती हवापाण्याचं बोलायची, त्याच्याशी दगडाचं. समोरासमोर आल्यावर काय होईल याची मला धास्ती होती. फोटोत माणसं नसतात, म्हणून ते सोपं असतं.

सईची दगडकामाची परीक्षा झाली, ती पास झाली, त्याच गावात कामाला लागली. आणि या ऑगस्टमध्ये, सगळं खोबर गावाला गेलेलं असताना, ती आमच्याकडे आली. तिला दुसरी सुट्टी मिळत नव्हती. विनायक एकटाच विमानतळावर गेला. परत आले तेव्हा बॅग सईच्याच हातात होती, आणि तो पुढे होऊन दार धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी रुखसानाभाभी आल्या. त्या खालच्या मजल्यावरच्या, दाभोळच्या; यजमानांचं इथे किराण्याचं दुकान. दुकान सोडता येत नाही म्हणून आमच्यासारख्याच उन्हाळाभर मागे राहणाऱ्या. त्यांनी नारळाच्या वड्या आणल्या होत्या. सईच्या गालावरून हात फिरवला आणि सहज विनायकला विचारलं, भाऊ, आता काय करते ही तिकडं?

मी चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात राहिलं.

“गवंडी आहे,” विनायक म्हणाला. “माझे वडीलही गवंडी होते. गुहागरकडे जांभ्याचं काम करायचे.”

भाभींनी मान हलवली. नवल वगैरे काही दाखवलं नाही. आमच्या परसातला गडगा दोन पावसाळ्यांपासून पडलाय, म्हणाल्या, माणूस मिळत नाही, येशील का बांधायला? सई म्हणाली, येईन, पण जांभा मला येत नाही, शिकायला लागेल. मग दोघी वड्या खात बसल्या आणि विनायकने माझ्या हातातून चहाचा ट्रे घेतला.

आज दुपारी जेवणं झाल्यावर मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेर ऊन असं की पडद्याच्या कडेतूनही डोळ्यांत जात होतं. बाहेरच्या खोलीत दोघं बोलत होती. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, मध्ये लांबच लांब थांबणारा. तिचं एखादं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपणारं. तो बहुधा वडलांबद्दल सांगत होता, कारण ती सारखी ‘मग?’ म्हणत होती. एकदा दोघंही गप्प झाली, इतका वेळ की मी उशीवरून मान उचलली. आता मला हाक येईल, तिला विचार म्हणतील, बाबांना सांग म्हणतील. एवढी वर्षं ती हाक मी झोपेतही ओळखत आले आहे.

हाक आली नाही. थोड्या वेळाने त्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं. काय बोलत होता ते नीट ऐकू येत नव्हतं, आणि उठून दाराशी जावं असंही मला वाटलं नाही. मी कूस बदलली. पुष्कळ वर्षांनी मला भर दुपारी गाढ झोप लागली.